खिडकीवरच्या आत्याचं मत

छत्रपती संभाजीनगर
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम.

तू पोचलीस हे रत्ना आत्याच्या मिस्ड कॉलवरून कळलं. ठरल्याप्रमाणे मी उलट फोन केला नाही, त्याचा राग धरू नकोस. तुला फोनवर हळू बोलता येत नाही. अठ्ठावीस वर्षं थिएटरच्या तिकीट खिडकीच्या जाळीतून ओरडून ओरडून तुझा आवाज तसाच होऊन बसलाय. तुझ्या बहिणीच्या खानावळीत दिवसभर माणसांची ये-जा. कोणाच्या कानावर काय जाईल सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. पाकिटावर नाव रत्ना आत्याचं घातलं आहे. तुझं सिमकार्ड माझ्या कपाटात आहे. ते काढलं त्या दिवशी दुपारपर्यंत त्यावर एकशे चाळीस फोन येऊन गेले होते.

आपला व्हिडिओ मी काढून टाकला, पण त्याआधीच लोकांनी तो उतरवून घेतलाय आणि अजून फिरवताहेत. आत्या, मी तुझे एवढे व्हिडिओ काढले, 'खिडकीवरची आत्या' म्हणून निम्म्या शहरानं तुला डोक्यावर घेतलं, आणि तू नेमकं याच पिक्चरला म्हणालीस, की हा हिरो अडीच तासांत चाळीस माणसं लोळवतो, पण घरात बायको तापानं फणफणलीय तर तिच्या कपाळाला एकदा हात लावत नाही, असल्या माणसाला मी खिडकीवर तिकीटसुद्धा दिलं नसतं! तुझं खरं होतं. मला तर इंटरव्हलच्या आधीच झोप लागली होती, तूच कोपरानं ढोसून उठवलंस. पण त्याच्या फॅन पोरांना वाटलं, तू त्यांच्या दादाला थिएटरबाहेर काढलंस.

पत्रात पिक्चरचं नाव लिहू नकोस. हिरोचंही नको. 'तो पिक्चर' म्हण, मला कळेल.

काल दुपारी उस्मानपुऱ्यात आपल्या गल्लीत दोन मोटारसायकली आल्या. कोणी उतरलं नाही. घराचा फोटो काढला आणि गेले. तुझी भाचेसून मंजुषा दारातच भाजी निवडत होती, तिनं सगळं पाहिलं. मी घाबरलेलो नाही, तूही घाबरू नकोस. पंधरा दिवसांत दुसरा पिक्चर येईल आणि लोक हा विसरतील.

तिकडं काय बघतेस ते कळव. तुझं मत ऐकल्याशिवाय मला पिक्चर बघितल्यासारखाच वाटत नाही.

तुझा
इंद्रजीत


फर्दापूर
२३ नोव्हेंबर २०२५

चि. इंद्रजीत,

जय भीम. पत्र मिळालं. तुझं अक्षर कंपनीत जाऊन बिघडलं आहे. 'मी घाबरलेलो नाही' या ओळीवर तर शाईच पसरली आहे. मी तुझी आत्या आहे रे, मला नको शिकवू.

मी मात्र घाबरले आहे, सरळ सांगते. पहिल्या दिवशी ती पोरं पिक्चरवर भांडत होती तोवर मला मजा वाटत होती. खिडकीवर मी असली भांडणं पुष्कळ पाहिली, ब्लॅकवाल्यांच्या मारामाऱ्या पाहिल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हिडिओखाली लिहून विचारायला सुरुवात केली, की बाईचं आडनाव काय. आडनाव विचारलं, की पुढचं मला न सांगता कळतं. हे तू मंजुषाला बोलू नकोस, ती आधीच कमी जेवते.

इथं मी मागच्या चुलीपाशी असते. रत्ना पुढं वाढते, मी भाकऱ्या थापते. लेण्या बघून आलेली माणसं दुपारी एकदम येऊन पडतात. परवा चार जपानी पाहुणे आले. एका म्हातारीनं लसणाची चटणी खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढत काढत अजून मागितली. रत्ना म्हणे, "ताई, हिला रडू येतंय का चव येतीय?" मी म्हटलं, चांगल्या पिक्चरलाही असंच होतं, माणूस रडतं आणि दुसऱ्या खेळाचं तिकीट काढतं.

काल दुपारी टीव्हीवर पिक्चर लागला होता. दोन भाऊ, एक शेत, मधे एक दुष्ट वकील. पहिला तास बरा होता. धाकटा भाऊ ताटावरून उठतो आणि कोणी त्याला बस म्हणत नाही, तिथं मीही हातातला घास खाली ठेवला. पण मग सगळे ओरडायलाच लागले. आई ओरडते, वकील ओरडतो, बैलसुद्धा गप्प उभा राहत नाही. तवा फार तापला, की भाकरी वरून करपते आणि आतून कच्ची राहते, या पिक्चरचं तसंच झालं. इंटरव्हलला मी खिडकीतून बाहेर आलेल्या माणसांची तोंडं बघून सांगायचे, की हा पिक्चर किती आठवडे टिकेल. हा दोन आठवड्यांचा होता.

हे लिहिताना जरा बरं वाटलं. दिवसभरात मला भीती वाटत नाही अशी एवढीच वेळ असते. खानावळीपुढं मोटारसायकल थांबली, की माझे हात पिठात तसेच राहतात.

मला घरी कधी आणतोस?

तुझी
सत्यभामा आत्या


छत्रपती संभाजीनगर
२ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम.

उत्तराला उशीर झाला. कंपनीत दुसरी पाळी लागली आहे. दुपारी वाळूजची बस धरायची, घरी येईस्तोवर सगळी गल्ली झोपलेली असते.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. जपानी म्हातारी वाचून एकटाच हसत होतो, मंजुषाला वाटलं, काही तरी झालं याला. आत्या, तुझ्यासारखं पिक्चरवर बोलणारं या शहरात दुसरं कोणी नाही. हे मी भाचा म्हणून सांगत नाही.

इकडं जरा निवळल्यासारखं आहे. मोटारसायकली पुन्हा आल्या नाहीत. काही जण म्हणतात, आत्या घाबरून पळाली. म्हणू दे. मला ते ऐकवत नाही, ही गोष्ट वेगळी.

मी एक साधा पिक्चर बघितला. बाप आणि मुलगी, दोघं मिळून स्कूटर दुरुस्त करतात, बस, एवढंच. मला आवडला. पण का आवडला ते सांगता येईना. तू असतीस तर तीन शब्दांत सांगितलं असतंस.

अजून आठ-दहा दिवस काढ. रत्ना आत्याला नमस्कार. खानावळीत पुढं येऊ नकोस, मागंच बस.

इंद्रजीत


फर्दापूर
११ डिसेंबर २०२५

इंद्रजीत,

नीट बसून वाच आणि वाचलं की लगेच उत्तर पाठव.

आज दुपारी एकच्या सुमाराला दोन पोरं जेवायला आली. चांगल्या घरची वाटत होती. इस्त्रीचे कपडे, पायांत पांढरे बूट. पिठलं-भाकरी मागितली, रत्नाला काकू काकू करून बोलली, तिच्या ठेच्याचं कौतुक केलं. जेवण झाल्यावर एक जण हात धुवायला मागं आला. हात धुतले आणि माझ्या तव्याकडं बघत उभा राहिला. मी म्हटलं, काय पाहिजे बाळा?

तो म्हणाला, "आत्या, तवा लई तापू देऊ नका. भाकरी वरून करपती अन् आतून कच्ची राहती. पिक्चरवाणी. व्हय ना?"

माझ्या हातातली भाकरी खाली पडली. तो हसला नाही, रागावला नाही. वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. मी मागं सरकले ती थेट चुलीला टेकले, टाच भाजली. त्यानं दुसऱ्याला हाक मारली, "शिवराज, इकडं ये, ह्या बघ आपल्या आत्या." शिवराजनंही पाया पडून घेतलं.

मग पहिला म्हणतो, "दादाचं मन लई मोठं हाय, आत्या. दादा काय मनावर घेत नाय. पण आम्हाला लागतं ना. तुम्ही दोन शब्द चांगलं बोला, आम्ही मोबाईलवर घेतो, इषय संपला. आज नको, आज तुम्ही घाबरल्यावाणी दिसता. वीस तारखेला येतो. घाई नाय." जाताना जेवणाचे पैसे दिले, सुटे परत घेतले नाहीत.

इंद्रजीत, ते तव्याचं मी कोणाला बोलले नव्हते. रत्नालाही नाही. कागदावर फक्त तुला लिहिलं होतं. पोस्टात कोणी पाकीट फोडतं का? का तुझ्या घरात शिरून कोणी पत्र उचललं? तू आणि मंजुषा धड आहात ना? ती एकटी असते तेव्हा दार आतून लावायला सांग. तुझ्या पाळीच्या बसमधे ओळखीच्या माणसाशेजारीच बसत जा. माझं काय, माझं वय झालं. माझ्यामुळं तुमच्या केसाला धक्का लागला तर मी दादाला, तुझ्या बापाला, काय तोंड दाखवू? तो गेला तेव्हा तुझा हात माझ्या हातात देऊन गेलाय.

लवकर लिही.

आत्या


फर्दापूर
१५ डिसेंबर २०२५

इंद्रजीत,

उत्तर नाही. आज रत्नाच्या फोनवरून तुला लावला, बंद लागला. तुला कोणी काही केलं का? रत्ना म्हणते, पाळीत फोन बाहेर ठेवायला लावतात. असंच असू दे. दोन ओळी लिही, नाही तर मी इथून पहिल्या बसनं येते, मग काय व्हायचं ते होऊ दे.

आत्या


छत्रपती संभाजीनगर
१७ डिसेंबर २०२५

आत्या,

येऊ नकोस. आम्ही धड आहोत. कोणी घरात शिरलं नाही, पोस्टात कोणी पाकीट फोडलं नाही.

ते पत्र मी वाचून दाखवलं. आपल्या पेजवर, मोठ्यानं, नुसत्या आवाजात. एकोणतीस तारखेला. दोन तारखेला तुला लिहिलं तेव्हा ते होऊन गेलं होतं आणि मी तुला सांगितलं नाही.

का केलं, विचारशील. खाली लोक लिहीत होते, की म्हातारी पळाली, म्हातारीची जीभ गळाली. माझ्या टेबलावर तुझं पत्र पडलेलं आणि त्यात तू जशीच्या तशी. मला राहवलं नाही. वाटलं, एकदा ऐकू दे सगळ्यांना, आत्या अजून आहे. मी पत्र चाळून घेतलं होतं गं. तुझी भीती, आडनावाचं बोलणं, सगळं गाळलं. गावाचं नाव गाळलं. रत्ना आत्याचं नाव गाळलं. पण लेण्या बघून आलेली जपानी म्हातारी ठेवली, खानावळ ठेवली. कारण तो भाग फार चांगला होता. तो काढला तर पिक्चरवरच्या बोलण्याला काही चवच राहत नव्हती. असा हिशोब केला मी. पिक्चर बघून बघून अक्कल गेली माझी. त्या पोरांनी आधी वेरूळच्या खानावळी पालथ्या घातल्या, मग तिकडं आले. हे मला त्यांनीच सांगितलं, कंपनीच्या गेटवर, चहा पाजून. मंजुषा कुठल्या रिक्षानं भाजीला जाते तेही सांगितलं. त्या दिवसापासून मी फोन बंद ठेवलाय.

मी तुला 'घाबरलेलो नाही' असं लिहिलं होतं. ते खोटं होतं.

पोलीस चौकीत अर्ज दिला आहे. चौकशी करू म्हणाले. करतीलही, पण वीस तारीख त्यांच्यासाठी थांबणार नाही. आत्या, मी हात जोडतो, बोलून टाक. दोन शब्दांनी कोणाचं काय जातं? तुझं खरं मत मला माहीत आहे, रत्ना आत्याला माहीत आहे. तेवढं पुरे आहे.

मला माफ कर किंवा नको करू, पण बोलून टाक.

इंद्रजीत


फर्दापूर
२६ डिसेंबर २०२५

चि. इंद्रजीत,

तुझं पत्र एकोणीस तारखेला मिळालं. त्या दिवशी तू समोर असतास तर लाटणं फेकून मारलं असतं. नंतर मनात आलं, पत्र वाचून त्याला राहवलं नाही, म्हणजे मी बरं लिहिलं होतं. असली मी. एवढी घाबरलेली आणि त्यातही कौतुकाला भुलले. तू माझ्यावरच गेलास, दुसरं काय.

वीस तारखेला तिघं आले. तिसऱ्याकडं मोठा कॅमेरा होता. माझी खुर्ची उन्हात ठेवली, तोंडावर सावली येते म्हणाले. शिवराजनं माझा पदर नीट करायला लावला. मी म्हणाले, की पिक्चर चांगला आहे, मी घाईत बोलले, हिरोनं काम चांगलं केलं आहे. रत्नाला मधेच खोकला आला, म्हणून पुन्हा बोलायला लावलं. मग एक मोठी बस आवाज करत गेली, म्हणून तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी मी शब्दच विसरले. तिसऱ्या वेळी मी हसले, मान हलवली, हातवारे केले. कॅमेरावाला म्हणाला, "वा आत्या, आता कसं मनापासून आलं." आणि खरंच तसं आलं होतं. ते गेल्यावर रत्नानं माझ्यापुढं ताट ठेवलं, मी ते तसंच झाकून ठेवलं.

पण मी वेगळंच सांगायला बसले आहे. तो पिक्चर आता मोबाईलवर आला आहे. काल दुपारी रत्नाच्या फोनवर मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. मनात होतं, की पुन्हा एकदा त्याचा वाईटपणा डोळ्यांनी बघावा म्हणजे आतून जरा ताठ वाटेल. अठ्ठावीस वर्षं कोणाच्या बापाला न भिता तोंडावर सांगितलं, त्या बाईला मी शोधत होते असं समज.

तर ती बायको तापानं फणफणलेली असते तो सीन आला. हिरो दारात उभा. आत येतो, खाटेपाशी बसतो, हात उचलतो आणि तसाच मागं घेतो. आपण थिएटरात बघितलं तेव्हा मला वाटलं होतं, हा दगड आहे. काल मला दिसलं, की त्याच्या हाताला रक्त लागलेलं आहे. आत्ताच माणसं मारून आलाय. तो हात तो तिच्या कपाळाला कसा लावणार? म्हणून त्यानं मागं घेतला. इंद्रजीत, तिथं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी मागं नेऊन तो सीन चार वेळा बघितला. रक्त आहे. खरंच आहे, थोडंसं, अंगठ्यापाशी. मग ते मला पहिल्यांदा का दिसलं नाही? आपण पुढच्या रांगेत होतो, माझा चष्मा नवीन होता. तेव्हा मी उगाच तोंड सोडलं का? चुकीचं बोलले आणि त्यापायी तुम्हाला या फेऱ्यात टाकलं, असं आहे का? का रक्त तेव्हाही दिसलं होतं आणि तरी तो मला दगडच वाटला होता, आणि काल मात्र मला रडायचंच होतं म्हणून मी ते शोधून काढलं? रात्रंदिवस हेच डोक्यात आहे. त्या पोरांची भीती मला वाटते, पण ती कळते तरी. ही भीती मला कळत नाही. मला आवडला का मी घाबरले, हे माझं मलाच सांगता येईना झालं आहे.

रत्नाला विचारलं तर म्हणते, "ताई, मरू दे ना तो पिक्चर." तिला पिक्चरचं काही नाही. तुला आहे. तू माझ्या शेजारी बसून तो बघितलास. तू पुन्हा एकदा बघ, तो सीन बघ, आणि मला खरं काय ते लिही. चांगला आहे का वाईट आहे? माझ्याकडं बघून नको, माझं मन राखायला नको. खिडकीवर येऊन माणूस विचारायचा, "मावशी, कसा आहे पिक्चर?" तसंच मी तुला विचारते आहे.

तुझ्यावरचा राग गेला आहे. मंजुषाला सांभाळ.

तुझी
सत्यभामा आत्या


छत्रपती संभाजीनगर
३१ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम.

रविवारी, चार तारखेला, मी तुला न्यायला येतो. सकाळच्या बसनं निघतो, जेवायला तिथंच असेन. तुझा व्हिडिओ लाखभर लोकांनी बघितला. खाली सगळे चांगलं लिहिताहेत, आत्या ग्रेट, आत्याचं मन मोठं. आडनाव आता कोणी विचारत नाही. कंपनीच्या गेटवर ती पोरं भेटतात ती हात करतात, मीही करतो. मंजुषा जेवायला लागली आहे.

तुझी टाच बरी झाली का? बसमधे चढताना घाई करू नकोस, मी असेन.

तू पिक्चरचं विचारलं आहेस. मी काल तो पुन्हा बघितला, तो सीनही बघितला. हे पत्र तीन वेळा लिहायला घेतलं आणि दोन वेळा फाडलं. पिक्चर चांगला आहे, आत्या. मला आवडला. कोणी विचारलं तरी मी हेच सांगतो.

हे वाचून झालं की चुलीत टाक.

तुझा
इंद्रजीत